घराचा किल्लेदार

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत एक नवा प्रश्न वारंवार चर्चेस येऊं लागला आहे. मुलगा पुण्यास किंवा परदेशीं नोकरीस असतो आणि घरीं वृद्ध आईबाप दोघेच असतात. मुलगा म्हणतो, "बाबा, घरांत थोडे सेन्सर बसवूं, एक हब घेऊं, मग रात्रीं दिवा आपोआप लागेल, टाकी भरली कीं मोटार बंद होईल, दार उघडें राहिलें तर मला येथें कळेल." वडील म्हणतात, "अरे, पण तें बिघडलें तर आम्हीं काय करावें? आणि आम्ही केव्हां उठतों, केव्हां निजतों, हें सगळें तुला कशाला कळावयास हवें?" दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. बाजारांत जावें तर प्रत्येक पेटीवर 'स्मार्ट' हें एकच विशेषण छापलेलें, आणि दुकानदार दहा नांवें एका दमांत सांगून मोकळा होतो. या प्रश्नाचा विचार मी आज इतिहासाच्या अंगानें करणार आहें. इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. त्यामुळें नवी वस्तु दृष्टीस पडली कीं तिचीं जुनीं भावंडें कोठें आहेत हें शोधल्यावांचून मला राहवत नाहीं.

प्रथम विषयाची फोड करूं. आपोआप चालणाऱ्या कोणत्याहि व्यवस्थेचीं तीन अंगें असतात. पहिलें अंग जाणणारें. उष्णता, उजेड, हालचाल, पाण्याची पातळी, दाराची उघडझांक यांपैकीं कांहींतरी तें ओळखतें. यालाच बाजारांत सेन्सर म्हणतात. आपण संवेदक म्हणूं. दुसरें अंग ठरविणारें. संवेदकाकडून आलेली वार्ता ऐकून काय करावयाचें याचा निर्णय तें देतें, हाच हब. तिसरें अंग करणारें. दिव्याचा स्विच, मोटारीचा स्टार्टर, धोक्याची घंटा हीं त्यांत येतात. जाणणें, ठरविणें आणि करणें हीं तीन कामें मनांत वेगळीं ठेवलीं, तर या विषयांतला निम्मा गोंधळ तेथेंच नाहींसा होतो.

आतां या तिन्ही अंगांचें जुनें रूप पाहावयाचें असेल तर दूर जावयास नको. आमच्या भंडारा जिल्ह्यांत, तुमसर तालुक्यांत, सातपुड्याच्या एका टेकडीवर आंबागड नांवाचा किल्ला आहे. नागपूर शहर वसविणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण यानें तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला, असें सांगतात. किल्ल्याचा कारभार म्हणजे आपली ही त्रयीच होय. बुरुजावरचा पहारेकरी जाणतो, किल्लेदार ठरवितो, दरवाजावरचे शिपाई करतात. पहारेकऱ्याची नजर कितीहि तीक्ष्ण असली तरी किल्लेदार जागेवर नसेल तर ती व्यर्थ. आणि किल्लेदार कितीहि चतुर असला तरी पहारेकरी झोंपीं गेला असेल तर तोहि आंधळाच.

या आंबागडाची पुढची हकीगत आपल्या विषयास अधिकच लागू पडते. किल्ला पुढें नागपूरकर भोसल्यांकडे आला व त्यांनीं त्याचा उपयोग तुरुंगासारखा केला. आंतल्या विहिरीचें सांचलेलें, दूषित पाणी कैद्यांना प्यावें लागे व त्यानें ते मरत, अशी कथा या भागांत प्रसिद्ध आहे. कथेंतला प्रत्येक तपशील खरा असो वा नसो, तिच्यांतलें मर्म मला फार मोलाचें वाटतें. तट तोच, दरवाजा तोच, विहीरहि तीच. परंतु दाराची किल्ली आंत राहणाऱ्याच्या हातीं होती तोंवर तो किल्ला होता आणि ती दुसऱ्याच्या हातीं गेली तेव्हां तोच तुरुंग झाला. घरांत जें जें यंत्र आपण आणूं त्याविषयीं हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे, कीं त्याची किल्ली कोणाच्या हातीं राहणार?

किल्ल्यांच्या बाबतींत आपल्या पूर्वजांनीं या प्रश्नाचा फार बारकाईनें विचार केला होता. रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या, इ. स. १७१५ च्या 'आज्ञापत्रां'त दुर्गांविषयीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत सांगितलेल्या दोन गोष्टी येथें घेतों. पहिली ही, कीं किल्ला बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें. पाणी नसेल व जागा तर हवीच असेल, तर खडक फोडून टाकीं बांधावीं. आणि एक झरा आहे एवढ्यावर विसंबूं नये, कारण लढाईच्या वेळीं तोफांच्या हादऱ्यांनीं झरे आटतात. दुसरी ही, कीं गडाला एकच दरवाजा असणें हा मोठा दोष होय; म्हणून दोन-तीन दरवाजे ठेवावे, शिवाय चोरदिंडी असावी. पहिल्या गोष्टीचा अर्थ असा, कीं ज्यावर जीव अवलंबून आहे तें साधन तटाच्या आंत असावें. दुसरीचा अर्थ असा, कीं नेहमींची वाट बंद पडली तरी काम चालवितां येईल अशी दुसरी वाट असावी. तीनशें वर्षांपूर्वींचे हे दोन नियम हब निवडतांना आपल्याला जसेच्या तसे उपयोगीं पडणार आहेत.

किल्ल्यांतला किल्लेदार मात्र मनुष्य होता. मनुष्यावांचून चालणारी व्यवस्था पाहावयाची असेल तर टेकडीवरून खालीं उतरून तलावाकडे गेलें पाहिजे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील कोहळी समाजानें गोंड राजांच्या काळापासून जे तलाव बांधले, ते पुढें मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊं लागले. त्यांतला प्रसिद्ध असा नवेगांव बांध अठराव्या शतकाच्या प्रारंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला अशी परंपरा आहे. १९९९ सालीं जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हांपासून तो गोंदिया जिल्ह्यांत मोडतो. अशा तलावाला पाणी बाहेर जाण्याचीं दोन द्वारें असतात. एक तुडूम, त्यांतून शेतांना पाणी सोडतात. त्याला वेगवेगळ्या उंचीवर भोंकें असून तीं बुचांनीं बंद केलेलीं असतात, व कोणतें बूच केव्हां काढावयाचें हें माणूस ठरवितो. दुसरा सांडवा, पाणी ठराविक उंचीच्या वर चढलें कीं तें सांडव्यावरून आपोआप वाहून जातें. आषाढाच्या मध्यरात्रीं ढगफुटी झाली आणि सारा गांव निजलेला असला, तरी सांडव्याला कोणी जागें करावें लागत नाहीं. त्याची उंची हाच त्याचा संवेदक, उंची हाच त्याचा निर्णय, आणि त्यावरून जाणारें पाणी हेंच त्याचें कार्य.

या दोन द्वारांतला भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. पाळ फुटून गांव बुडण्याचा जेथें धोका आहे, तें काम जुन्या कारागिरांनीं सांडव्याकडे दिलें. त्यांत निरोप नाहीं, निरोप्या नाहीं, विलंब नाहीं. ज्यांत वर्षाचें मान, पिकाची गरज आणि शेजाऱ्यांचा समझोता पाहावा लागतो, तें काम त्यांनीं तुडुमाकडे, म्हणजे माणसाच्या हातीं ठेविलें. आपल्या घरांतहि कांहीं कामें सांडव्याचीं असतात व कांहीं तुडुमाचीं.

सांडव्याची ही युक्ति जगांत इतरत्रहि फार प्राचीन आहे. इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत आलेक्झांड्रिया येथें क्टेसिबियस नांवाच्या यंत्रज्ञानें पाण्याच्या घड्याळांत तरंगता गोळा बसवून पाण्याचा प्रवाह सारखा राखला. आपल्या गच्चीवरच्या टाकींत जो गोळा पाण्याबरोबर वर येऊन तोटी बंद करतो, तो त्याचाच वंशज. आपल्याकडे कालमापनास घटिकापात्र होतें. तळाला बारीक भोंक असलेली वाटी पाण्यावर ठेवावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें, झाली. ६० घटिकांचा अहोरात्र. लग्नाच्या मुहूर्ताला घंगाळांत ती वाटी सोडून बसलेले जोशीबुवा ज्यांनीं पाहिले असतील त्यांना हें सांगावयास नको, कीं वाटी केवळ जाणण्याचें काम करते. 'सावधान' म्हणून अंतरपाट दूर करण्याचें ठरविणें जोशीबुवांकडेच असतें.

पुढें युरोपांत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकानें अंडीं उबविण्याच्या भट्टीची उष्णता आपोआप सारखी ठेवण्याची युक्ति काढली. उष्णता वाढली कीं द्रव फुगून हवेचें झांकण मिटे, आंच मंद होई. जेम्स वॅट यानें १७८८ सालीं वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. यंत्राचा वेग वाढला कीं गोळे बाहेर फेंकले जात आणि वाफेची वाट आखडत. हीं सारीं सांडव्याचींच भावंडें. जाणणारा, ठरविणारा आणि करणारा एकाच देहांत नांदतात.

तीं अंगें एकमेकांपासून दूर केलीं विजेनें, आणि तो मान एका शिक्षकाकडे जातो. अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांत व्हाइटवॉटर येथें शिक्षक तयार करणाऱ्या शाळेंत वॉरेन जॉन्सन नांवाचे अध्यापक होते. थंडीच्या दिवसांत इमारतीचा नोकर प्रत्येक वर्गांत येऊन उष्णतामापक पाही आणि मग तळघरांत जाऊन भट्टीच्या झडपा फिरवी. भर तासांत दार उघडून कोणी आंत आला कीं वर्गाची एकाग्रता कशी भंगते हें शिक्षकाला निराळें सांगावयास नको. जॉन्सन यांनीं खोलींत विजेचा उष्णतादर्शक बसविला. खोली फार तापली किंवा निवाली कीं तळघरांत घंटा वाजे व नोकर तेथूनच झडप फिरवी. याचें पेटंट त्यांना १८८३ सालीं मिळालें. येथें संवेदक वर्गांत आणि ठरविणारा तळघरांत, व दोघांमध्यें तार, अशी रचना प्रथमच आकारास आली. थोड्याच वर्षांत आल्बर्ट बुट्झ यानें भट्टीची झडप उष्णतादर्शकाकडूनच उघडण्याची सोय केली, आणि तळघरांतला माणूसहि अनावश्यक झाला.

यानंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १९३६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत वॉल्टर एलवूड यांनीं कांचेच्या नळींत दोन पातळ पत्र्या असलेला स्विच काढला. जवळ लोहचुंबक आला कीं पत्र्या चिकटतात. आज दारावर बसणाऱ्या अनेक संवेदकांत हाच रीड स्विच असतो. १९६६ सालीं जिम सदरलंड या अभियंत्यानें स्वतःच्या घरांत कपाटांएवढा संगणक बसवून त्याजकडून घरकामाच्या नोंदी करविल्या. १९७५ सालीं स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या मंडळीनें एक्स-टेन ही पद्धति काढली. तिच्यांत घराच्या विजेच्या तारांतूनच दिव्यांना आज्ञा जात. पुढें तारेची जागा रेडिओलहरींनीं घेतली. झेड-वेव्ह, झिगबी, वाय-फाय अशा भाषा निर्माण झाल्या. एकाची भाषा दुसऱ्यास समजेना. या बोलीभेदांतून दुभाष्या म्हणून हब जन्मास आला.

हा दुभाष्या घरांत आला खरा. परंतु अनेक कारखानदारांनीं त्याची बुद्धि घराबाहेर, आपल्या दूरच्या संगणकांत ठेविली. खोलींतल्या माणसाची चाहूल खोलींतल्याच दिव्यापर्यंत पोंचण्यासाठीं समुद्र ओलांडून परत येऊं लागली. याचा परिणाम काय झाला तें दोन उदाहरणांवरून दिसेल. रिव्हॉल्व्ह नांवाचा हब अमेरिकेंत सुमारें ३०० डॉलरांस विकला गेला होता. ती कंपनी २०१४ सालीं गूगलच्या मालकीच्या नेस्टनें विकत घेतली, आणि मे २०१६ मध्यें सेवा बंद केल्यावर लोकांच्या घरांतले ते हब निरुपयोगी झाले. यंत्र मोडलें नव्हतें. त्याची किल्ली दुसरीकडे होती इतकेंच. दुसरें उदाहरण इन्स्टिऑनचें. एप्रिल २०२२ मध्यें तिचे सर्व्हर ग्राहकांना पूर्वसूचना न देतां बंद पडले. त्या घरांत जे स्विच व दिवे एकमेकांशीं थेट जोडलेले होते, ते चालत राहिले. जें जें दूरच्या संगणकावर अवलंबून होतें तें थांबलें. पुढें कांहीं ग्राहकांनींच ती विकत घेऊन सेवा पुन्हां सुरू केली. अमात्यांची शिकवण याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगावी? ज्यांचें पाणी गडावर होतें ते टिकले.

तेव्हां हब निवडतांना पहिली परीक्षा हीच. दुकानांत किंवा घरीं हब जोडल्यावर इंटरनेटची तार काढावी आणि पाहावें, कीं दार उघडल्यावर दिवा लागतो कीं नाहीं. लागला तर किल्लेदार गडावर आहे. न लागला तर तो परगांवीं राहतो. २०१३ पासून पाउलस स्काउटसेन यांनीं सुरू केलेली होम असिस्टंट ही मुक्त प्रणाली घरांतल्याच लहान संगणकावर चालते व तिचे नियम इंटरनेटवांचून अंमलांत येतात. मात्र तिला थोडी जाणकारी लागते. २०२२ च्या ऑक्टोबरांत ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग इत्यादि मोठ्या कंपन्यांनीं मिळून मॅटर नांवाची सामाईक भाषा प्रसिद्ध केली. तिच्यांत उपकरणांनीं घरांतल्या घरांतच एकमेकांशीं बोलावें अशी मूळ योजना आहे. म्हणून पेटीवर मॅटरचें चिन्ह असणें ही चांगली खूण होय. पण तेवढ्यावर न थांबतां वरची परीक्षा करावीच.

दुसरी परीक्षा दुसऱ्या दरवाजाची. भिंतीवरचा नेहमींचा स्विच चालूच राहिला पाहिजे. आजीबाईंना देवघरांतला दिवा लावण्यासाठीं फोन शोधावा लागत असेल, तर ती सुधारणा नव्हे. यासाठीं 'स्मार्ट' बल्ब घेण्याऐवजीं जुन्या स्विचमागें बसणारें छोटें रिले-यंत्र घेणें बहुधा अधिक सोयीचें. बटण हातानें दाबलें तरी चालतें, हबनें सांगितलें तरी चालतें. त्याला न्यूट्रल तार लागते कीं नाहीं, व ती आपल्या बोर्डांत आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून आधीं पाहून घ्यावें.

तिसरी परीक्षा विजेची. वीज जाते हें आपल्याकडे गृहीत धरूनच चालावें. हब आणि इंटरनेटचा राउटर हे दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत. वीज परत आल्यावर दिवे पूर्वीच्या स्थितींत येतात कीं सगळे एकदम लागतात, हेंहि पाहावें. मध्यरात्रीं वीज आली आणि निजावयाच्या खोलींतला बल्ब लख्ख पेटला, असा अनुभव अनेक घरांना आलेला आहे. बहुतेक चांगल्या उपकरणांत ही स्थिति आधीं ठरवून ठेवतां येते.

चौथी गोष्ट परदेशांतून येणाऱ्या भेटींची. अमेरिकेंत १२० व्होल्ट, येथें २३० व्होल्ट. एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. पण झेड-वेव्हच्या उपकरणांच्या लहरी देशोदेशीं निराळ्या असतात. अमेरिकेंत त्या ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि भारतांत परवाना न लागणारा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. तेथला संवेदक येथल्या हबशीं बोलणारच नाहीं. आणि तेथला हबहि आणून ती लहर येथें वापरणें नियमास धरून होणार नाहीं. झिगबी व वाय-फाय यांचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र सर्वत्र चालतो. बॅटरीवरच्या लहान संवेदकांना वाय-फायपेक्षां झिगबी किंवा थ्रेड बरें, कारण त्यांत वीज फार कमी लागते. शिवाय झिगबींत विजेवर जोडलेलीं उपकरणें एकाचा निरोप दुसऱ्याकडे पोंचवितात. जाड भिंतींच्या जुन्या घरांत मध्यें एखादा झिगबी प्लग ठेविला कीं मागच्या खोलीपर्यंत हांक जाते.

आतां पहारेकऱ्यांकडे, म्हणजे संवेदकांकडे वळूं. हालचाल ओळखणारा स्वस्त संवेदक पी. आय. आर. या नांवानें मिळतो. मनुष्याच्या अंगांतून निघणारी अदृश्य उष्णता इकडून तिकडे सरकली कीं तो ती ओळखतो. म्हणजे अंगाची ऊब आणि भोंवतालची हवा यांत अंतर असलें तरच त्याला दिसतें. थंड देशांत हें अंतर मोठें असतें. आमच्या विदर्भांत वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो, व घरांतल्या भिंतीहि अंगाएवढ्या तापतात; अशा दुपारीं या पहारेकऱ्याची नजर मंद होते. म्हणून चोराच्या पाळतीसाठीं केवळ त्यावर विसंबूं नये. दाराला रीड स्विचचा संवेदक लावावा. चुंबकाला उन्हाळा बाधत नाहीं. स्वस्थ बसलेल्या माणसालाहि ओळखणारे रडारचे संवेदक आतां मिळतात; पण छताचा पंखा आणि हलता पडदा यांनाहि ते कधीं कधीं माणूस समजतात, म्हणून त्यांची जागा पारखून घ्यावी.

स्वयंपाकघरांतल्या गॅसचा संवेदक कोठें लावावा, हा प्रश्न जिवाशीं निगडित आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षां जड, तो जमिनीलगत सांचतो. म्हणून संवेदक खालीं, जमिनीपासून वीतभर उंचीवर असावा. नळानें येणारा नैसर्गिक गॅस हवेहून हलका; त्याचा संवेदक छताजवळ. एकाच्या जागीं दुसरा लावला तर तो पहारेकरी भलत्याच दिशेला पाहत उभा राहील. आणखी एक, गॅस सुटल्याची चाहूल लागतांच पंखा आपोआप सुरू व्हावा असा नियम हबला घालून देऊं नये, कारण साध्या पंख्याच्या स्विचची ठिणगीहि घात करूं शकते. तेथें मोठ्यानें वाजणारी घंटा पुरे. दारें-खिडक्या उघडणें आणि सिलिंडरची चावी बंद करणें हें माणसानें करावें. ही घंटा संवेदकाच्या पोटांतच असावी, हबच्या आज्ञेची तिला वाट पाहावी लागूं नये. हें सांडव्याचें काम आहे.

टाकीचेंहि तसेंच. टाकी भरल्यावर मोटार बंद करणारें तरंगत्या गोळ्याचें साधें यंत्र थेट स्टार्टरला जोडावें. हबला हवी तर त्याची केवळ वार्ता द्यावी. मोटार सुरू होतांना नेहमींच्या कितीतरी पट वीज ओढते. ती किरकोळ 'स्मार्ट' प्लगवर कधींहि चालवूं नये. गीझरचेंहि तसेंच, २ किलोवॅटचा गीझर ९ अँपियरच्या जवळ वीज घेतो, म्हणून १६ अँपियरचा प्लग व तितकीच जाड तार हवी. उलट, सायंकाळीं अंगणांतला दिवा केव्हां लावावा, पाहुणे असतां कोणते नियम स्थगित ठेवावे, हीं तुडुमाचीं कामें. तीं हबकडे खुशाल द्यावीं, पण बूच आपल्या हातीं ठेवून.

रायगडाची हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकली आहे. सूर्य मावळला कीं दरवाजे बंद, हा नियम. घरीं तान्हें मूल एकटें आहे म्हणून ती गवळण विनवीत राहिली, पण नियमाला तान्हें मूल दिसत नव्हतें. शेवटीं ती कडा उतरून गेली. कथेंत महाराजांनीं तिच्या धैर्याचा गौरव केला, आणि तो कडा बुजवून तेथें बुरूज बांधविला. शिपायांचें चुकलें असें कोणी म्हणणार नाहीं. आज्ञा तशी होती. परंतु यंत्र हें त्या शिपायांहूनहि अधिक आज्ञाधारक असतें. रात्रीं ११ वाजतां सर्व दिवे मालवावे असा नियम मुलानें पुण्यांत बसून घातला, आणि त्याच वेळीं वडील जिन्यावर असले, तर यंत्राला वडील दिसणार नाहींत. म्हणून दिवा लावण्याचे नियम यंत्राला सढळ हातानें द्यावे. दिवा मालविण्याचे, दार बंद करण्याचे नियम मात्र फार जपून द्यावे.

आतां वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतों, कारण मला तोच खरा महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाहि संमत झाला. पण एखाद्या व्यक्तीनें निव्वळ स्वतःच्या घरगुती कामासाठीं वापरलेल्या माहितीला तो कायदा लागू होत नाहीं. म्हणजे मुलानें आईबापांवर किती नजर ठेवावी, हें कायदा सांगणार नाहीं. तें घरांतच, समोरासमोर बसून ठरवावें लागेल. माझी सूचना अशी, कीं काळजी ज्या लहानांत लहान वार्तेनें भागेल तेवढीच मागावी. सकाळीं ९ वाजेपर्यंत स्वयंपाकघराचें दार एकदा तरी उघडलें, एवढें कळलें तरी आई उठली हें समजतें. त्यासाठीं तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखण्याचें कारण नाहीं. आणि कोणता संवेदक कोठें आहे, त्याची वार्ता कोणाकडे जाते, तो बंद कसा करावयाचा, हें ज्यांच्या घरांत तो बसला आहे त्यांना आधीं सांगितलें पाहिजे व त्यांची संमति घेतली पाहिजे. काळजी आणि कैद यांच्यामधली भिंत या संमतीचीच असते.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनीं सगळें घर एकदम यंत्राधीन करूं नये. प्रथम चारच गोष्टी घ्याव्या: गॅसची घंटा, टाकीचा गोळा, मुख्य दाराचा संवेदक, आणि निजावयाच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत रात्रीं पावलाच्या चाहुलीनें लागणारा मंद दिवा. वृद्धांना अंधारांत पडण्याची भीति मोठी असते. हा चौथा दिवा पुष्कळ हाडें वाचवील. यांतल्या पहिल्या दोघांना हब मुळींच लागत नाहीं. उरलेल्या दोघांसाठीं लहानसा, घरांतल्या घरांत निर्णय करणारा हब पुरतो. ऋतु बदलतांना एकदा सर्वांची परीक्षा घ्यावी, बॅटऱ्या पाहाव्या, आणि एक दिवस इंटरनेट बंद ठेवून घर चालतें कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी. नियमांची यादी जाड कागदावर मराठींत लिहून मीटरच्या फळीजवळ लावावी. म्हणजे मुलगा फोनवर सांपडला नाहीं तरी शेजारच्या माणसालाहि तें घर समजेल.

आंबागडावर आज ना किल्लेदार आहे, ना कैदी. भंडाऱ्याच्या तलावांचे सांडवे मात्र अजून दर पावसाळ्यांत आपलें काम करतात, आणि तुडुमाचें बूच काढावयाचें कीं नाहीं हें अजून गांवचीं माणसेंच ठरवितात. पुढच्या सुटींत मुलगा घरीं येईल तेव्हां बापलेकांनीं एक कागद घ्यावा, त्यावर दोन रकाने आंखावे, एकावर सांडवा व दुसऱ्यावर तुडूम असें लिहावें, आणि घरांतलें एकेक काम योग्य रकान्यांत घालावें. तो कागद पुरा झाल्यावर मगच बाजारांत जावें.